मांडी, शिवेपर्यंत

टक.

शेवंतीच्या पाट्या त्या दिवशी बाजारात गेल्या नाहीत.

लहान मुलाचा एक्स-रे काढताना ते हलू नये म्हणून त्याच्या आईला शिशाचा जड अंगरखा घालून धरायला उभं करतात.

एक गोधडी. वरून अंजिरी. आत जुनी लुगडी, किती ते उसवल्याशिवाय कळणार नाही.

पट्टा खांद्यापाशी चिमटीत धरून बघायचा. चिमटीत आला तर सैल.

भाकरतुकडा कावळ्याने नेला नाही. कुत्र्याने नेला.

मागे बघायचं नाही.

*

हे सगळं एका सकाळचं. मखमलाबादच्या एका मळ्यातलं, आणि मळ्यापासून पाटाच्या पुलापर्यंतचं.

कुसाबाईची लेक वैष्णवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवाळीच्या तोंडावर मुलगी झाली, बारशाला तिचं नाव वेदिका ठेवलं. आता माघ सरत आला होता आणि जावई, शेखर, दोघींना येवल्याला न्यायला गाडी घेऊन आला होता. कुसाबाईचा नवरा रंगनाथ रोज पहाटे शेवंती घेऊन फुलबाजारात जायचा, तो त्या दिवशी गेला नाही. फुलं झाडावरच राहिली. निघायची वेळ झाली तशी तो उगाच विहिरीकडे जाऊन मोटर चालू करून आला, मग बंद करून आला.

कुसाबाईने डिंकाचे लाडू बांधले, बाळंतशेपा बांधल्या, धुरीचा ओवा बांधला, दुपटी बांधली. सगळं बांधून झालं तरी ती काहीतरी शोधत घरभर फिरत होती.

तिची डावी मांडी रिकामी होती.

*

मांडीविषयी.

न्हाणीघरात पाय लांब करून बसायचं, नडग्यांवर बाळ पालथं घालायचं, पाठीवरून कोमट पाणी सोडायचं. पुसून झालं की धुरीपाशी मांडीवर. धुरी झाली की मांडीवरच झोप. बाळ झोपलं की हलायचं नाही. मग मांडी बधिर होते, मुंग्या येतात, आणि आतून कुणी हाक मारली तर "आले" म्हणायचं आणि जायचं नाही.

सगळा हिवाळा कुसाबाईची डावी मांडी बधिर होती. रंगनाथ म्हणायचा, "डॉक्टरला दाखव." ती म्हणायची, "राहू दे. बरं वाटतं."

*

अंगणात शेखर गाडीच्या मागच्या दारात अर्धा आत, अर्धा बाहेर. एक गुडघा आत कशावर तरी दाबून धरलेला, दोन्ही हातांनी पट्टा ओढतोय.

शेजारच्या मळ्यातली भागीबाई मेथीच्या जुड्या बांधता बांधता कुंपणाशी आली.

"काय ओ जावईबापू, गाडी बिघडली का?"

"नाही मावशी. सीट बसवतोय."

"सीट तर हायेच की गाडीला."

"बाळाची."

भागीबाईने वाकून आत बघितलं. "हे तर कोंबडीचं डालगं हाय. अन् उलटं बसवलं तुम्ही. पोरगी काय पाठमोरी जाणार बापाच्या घरी?"

"उलटंच असतं, मावशी. बाळाचं तोंड मागं. जोरात ब्रेक लागला तर सगळा भार पाठीवर येतो, मान सांभाळली जाते."

"माझी पाच पोरं मांडीवर वाढली. एकाची मान वाकडी नाय."

"तेव्हा तुमच्याकडे बैलगाडी होती. बैल काय ब्रेक मारायचा का?"

"मारायचा की. मुतायला थांबायचा."

शेखर इतका हसला की पट्टा हातातून सुटला आणि पुन्हा पहिल्यापासून ओढावा लागला. मग त्याने सीट बुडाशी धरून हलवून बघितली. बोटभरसुद्धा सरकली नाही. गाडीच हलली.

*

रीत अशी होती.

बाळंतीण सासरी निघाली की बाळ शिवेपर्यंत आजीच्या मांडीवर जातं. कुसाबाईच्या घरात ही रीत तिच्या सासूच्याही आधीपासून होती. शीव म्हणजे पाटाचा पूल. तिथे गाडी थांबते. आजी बाळ आईच्या मांडीवर देते, खाली उतरते, भाकरतुकडा ओवाळून टाकते आणि चालत घरी येते. येताना मागे बघायचं नाही. मागे बघितलं तर बाळाचा जीव इकडेच राहतो, तिकडे रुळत नाही, दूध पीत नाही.

वैष्णवी स्वतः तान्ही असताना कुसाबाईच्या माहेराहून अशीच टेम्पोतून आली होती, फुलांच्या पाट्यांमध्ये बसलेल्या कुसाबाईच्या आईच्या मांडीवरून.

कुसाबाईने हिवाळाभर त्या दहा मिनिटांचा विचार केला होता. तेवढ्या रस्त्यात बाळाला काय काय सांगायचं तेही ठरवून ठेवलं होतं. हे आपलं टमाट्याचं वावर. ही भागीबाई, हिच्या नादी लागायचं नाही. ही शाळा, तुझी आई इथं पहिलीत रडली होती.

*

स्वयंपाकघर. चुलीवर भाकरी. त्याच भाकरीचा तुकडा नंतर शिवेवर जायचा होता.

"आई, ती सीटमध्ये बसणार आहे."

"बसू दे की. पुलाच्या पुढं बसव. पुलापर्यंत माझी."

"घरापासून."

"अगं दहा मिनिटं. गावातला रस्ता. तो शेखर काय विमान चालवतो का?"

"दहा मिनिटांतच होतं, आई. गावातल्याच रस्त्यावर होतं."

"मी काय सोडणार हाय तिला? घट्ट धरीन."

वैष्णवीने तवा उतरवला. ती येवल्यात एका दवाखान्यात एक्स-रे काढायची, बाळंतपणासाठी सुट्टीवर होती. तिने आवाज चढवला नाही.

"आई, माझ्या टेबलावर लेकरं येतात. हात, पाय, कधी डोकं. तो शिशाचा जड अंगरखा मी त्यांच्या आयांना घालते, बंद मागून मीच बांधते. बंद बांधताना त्या माझ्याशी बोलतात. सगळ्या एकच बोलतात."

"काय?"

"मी घट्ट धरलं होतं."

चुलीतलं लाकूड फुटलं. कुसाबाईने निखाऱ्यावरची भाकरी उलटली, पुन्हा उलटली. करपली.

बाहेरून रंगनाथ म्हणाला, "दोघी सारख्याच. एकीला गप्प करावं तर दुसरी बोलती." शेखर दारात येऊन हळूच म्हणाला, "जाऊ दे ना गं. मी अगदी सावकाश चालवतो."

"तू सावकाश चालवशील," वैष्णवी म्हणाली. "समोरचा?"

शेखर परत गाडीकडे गेला.

*

गोधडीविषयी.

ती कुसाबाईने दिवाळीपासून शिवायला घेतली होती. बाळ उजव्या हाताला झोपलेलं आणि टाका चालू. आतल्या थरांत तिची स्वतःची लुगडी, नेसून नेसून मऊ झालेली. सगळी जेवायला बसली तेव्हा ती गाडीपाशी गेली. त्या डालग्याला हात लावून बघितला. थंड होतं, कडक होतं. पट्टे काळे, बैलाच्या कासऱ्यासारखे.

तिने गोधडीची चौघडी केली आणि सीटमध्ये नीट अंथरली. कडा आत खोचल्या. डोक्याच्या जागी एक घडी जास्त.

मांडी नाही तर लुगडं तरी.

*

मग बाळाला सीटमध्ये बसवलं. पट्टे दोन्ही खांद्यांवरून आले, मध्ये अडकले, घट्ट दिसले. वेदिका गोधडीत बुडून गेली होती, फक्त नाक आणि तीट वर.

"बघ कशी ऐसपैस," कुसाबाई म्हणाली.

वैष्णवी बघत राहिली. मग तिने पट्ट्याचं कुलूप उघडलं, बाळाला उचलून शेखरकडे दिलं, आतून गोधडी ओढून काढली आणि पट्ट्यांना हात न लावता बाळाला पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच पट्टे अडकवले.

आता त्या पट्ट्यांखाली तिचा अख्खा पंजा गेला. आडवाही गेला.

"हे बघ आई. हे घट्ट वाटत होतं. धक्का बसला की गोधडी दबते, कापडच ते. आणि मग एवढी फट. एवढ्या फटीतून ती निघून गेली असती."

कुसाबाई त्या पंजाकडे बघत राहिली. आपल्या लेकीचा पंजा आपल्यासारखाच रुंद आहे, हे तिला आधी कधी दिसलं नव्हतं.

"थंडी हाय गं," ती म्हणाली. एवढंच.

वैष्णवीने पट्टा ओढून बसवला, खांद्यापाशी चिमूट घेतली. चिमटीत काही आलं नाही. गोधडीची घडी करून तिने ती स्वतःच्या मांडीवर घेतली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.

कुसाबाई मागे, बाळाच्या शेजारी.

"आई, पट्टा."

"मला? मी काय पळून जाती का?"

"तू सुटलीस तर तिच्यावर पडशील. लाव."

"मला नाय लावता येत."

शेखरने मागे वळून लावून दिला. पट्टा पदरावरून गेला, डोरल्यावरून गेला. भागीबाई कुंपणावरून ओरडली, "कुसे, तुला पण दावं लावलं का गं?"

"लावलं," कुसाबाई म्हणाली. "तू राहिलीस मोकाट."

*

(आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, तेव्हा वेदिकाही येईल. कुसाबाई गाडीचं दार उघडेल आणि आधी बाळाकडे नाही, पट्ट्यांकडे बघेल. खांद्याचे पट्टे एक खाच वर गेलेले असतील. ती त्या मोकळ्या, खालच्या खाचेत बोट घालून बघेल. एवढी होती. पण ते पुढचं.)

*

मळा सुटला. टमाट्याचं वावर आलं.

कुसाबाई सांगायला लागली, "हे बघ वेदू, हे आपलं..." आणि थांबली. बाळ उलटं बसलेलं. त्याला वावर दिसायचं ते मागे पडल्यावर. कुसाबाई पुढे बघून सांगत होती, बाळ मागे बघत होतं.

मग तिने तेच केलं. मान वळवून मागच्या काचेतून बघायला लागली आणि गेलेल्या गोष्टी सांगायला लागली.

"ही गेली बघ भागीबाई. गेली ती बरी. हे गेलं आपलं कुंपण. हे आजोबा उभे होते, ते गेले. ही शाळा. गेली."

पुढच्या सीटवर वैष्णवीने तोंड खिडकीकडे केलं.

शाळेपुढच्या गतिरोधकावर गाडी हळू झाली, उचलली, खाली आली, आणि वेदिका रडायला लागली.

आधी बारीक. मग पूर्ण.

"लागलं का तिला?"

"नाही लागलं, आई. कंटाळली असेल. बोट दे."

कुसाबाईने बोट दिलं. वेदिकाने ते धरलं आणि रडतच राहिली. बाळाच्या पोटापाशी पट्ट्यांच्या कुलपाचं लाल बटण होतं, अंगठ्याच्या पेराएवढं. कुसाबाईचा दुसरा हात त्यावर होता. तो तिथे कधी गेला, तिलाही कळलं नाही.

"तुला भूक लागली का गं माझे बाई. थांब हं. थांब."

पुढे वैष्णवीच्या ब्लाउजवर दोन ओले गोल पसरत होते. तिने शाल ओढून घेतली. पण ती मागे वळली नाही. वळली असती तर कदाचित तिनेच दाबलं असतं.

"आई, हात कुठंय तुझा?"

कुसाबाई बाळाला थांब थांब म्हणत राहिली.

"आई."

"लय रडती गं. निळी पडली. एकदा घेते, लगेच ठेवते. पूल तर आलाच."

"शेखर, गाडी घे बाजूला."

"पुढं वळणावर..."

"आत्ता."

रसवंती होती, अजून न उघडलेली, घुंगरांना फडकं बांधलेली. तिच्यापुढे मोकळी जागा होती. शेखरने दिवा दाखवला, गाडी आत घेतली, थांबवली.

"बंद कर."

त्याने बंद केली.

"चावी काढ."

त्याने चावी काढून डॅशबोर्डवर ठेवली. इंजिनाची घरघर गेली आणि रडणं एकदम मोठं झालं.

वैष्णवी आता मागे वळली. "घे आता," ती म्हणाली. "थांबलेल्या गाडीत पाहिजे तेवढं घे."

*

टक.

लाल बटण दाबायला बोटात जोर लागतो, हे कुसाबाईला तेव्हा कळलं. चालत्या गाडीत तिचं बोट त्यावर नुसतं टेकलेलं होतं.

वेदिका डाव्या मांडीवर आली. हुंदका, हुंदका, मग नुसता श्वास. टाळूवर खोबरेल आणि धुरीचा वास. कुसाबाईने तिच्या कपाळाला नाक लावलं आणि ठरवून ठेवलेल्यातलं काहीच तिला आठवेना.

शेखर खाली उतरून पाटाकडे तोंड करून उभा राहिला. पाटाला आवर्तन सुटलेलं होतं. हिरवं पाणी, संथ, काठोकाठ.

वैष्णवीने मागचं दार उघडून बाळाला पाजलं. आईच्या मांडीवरून उचललं नाही. स्वतःच उंबऱ्यावर टेकल्यासारखी दारात टेकली आणि वाकली. अवघड होतं. पाजून झालं तरी ती तशीच राहिली.

"ये," कुसाबाई म्हणाली. "तू पण."

"मी मावते का आता?"

"डोकं मावतं."

वैष्णवीने उजव्या मांडीवर डोकं ठेवलं. कुसाबाईचा एक हात एका डोक्यावर, एक दुसऱ्यावर. बाहेरून एक दूधवाला गेला. त्याने वळून बघितलं आणि गाडी पंक्चर आहे असं समजून तो पुढे गेला.

"आई."

"हं."

"मला पण नाही जायचं."

"म्हाईत हाय."

"तू म्हण ना, जा म्हणून."

कुसाबाईला ते म्हणता येईना. म्हणून तिने बाळाला उचललं आणि स्वतःच सीटमध्ये ठेवलं. पाठ टेकली का बघितलं. एक हात पट्ट्यातून काढला. दुसरा हात. वेदिकाने मूठ उघडली नाही तेव्हा थांबली, फुंकर घातली, मग काढला.

टक.

वरचा पट्टा खाली ओढायचा की खालचा, हे ती विसरली होती. वैष्णवीने नुसतं बोट दाखवलं. कुसाबाईने ओढलं. खांद्यापाशी चिमूट घेतली. सुटली. पुन्हा घेतली. पुन्हा सुटली.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

वैष्णवीने पुढच्या सीटवरून गोधडी आणली. "ही घे. आता घाल. पट्टे लावल्यावर, वरून."

कुसाबाईने गोधडी उलगडली. पट्ट्यांवरून, छातीपर्यंत, कडा दोन्ही बाजूंनी मोकळ्या. तोंड उघडं. अंजिरी रंगावर रसवंतीच्या छपराची सावली आली होती.

"जा," ती म्हणाली. गोधडीला म्हणाली.

*

शीव अजून थोडी पुढे होती. तेवढं अंतर गाडी पुन्हा चालू करून, सगळे पट्टे लावून, आले. बाळ त्या तुकड्यात झोपलं.

पुलाच्या तोंडाशी कुसाबाई उतरली. रुमालातून भाकरतुकडा काढला. सकाळची करपलेली भाकरी. तो खिडकीतून तिघांवरून ओवाळला, बाळावरून जास्त वेळा, आणि मागे फेकला. कावळा पाटाच्या कठड्यावर बसला होता, पण तो येईपर्यंत एक कुत्रं येऊन घेऊन गेलं.

"चालतं का कुत्र्याने नेलं तर?" शेखरने विचारलं.

"भूक त्याला पण असती," कुसाबाई म्हणाली. "जा आता. सावकाश जा. अन् समोरच्याला पण सांगा सावकाश."

वैष्णवी हसली आणि ते हसणं पुरं झालं नाही.

गाडी निघाली.

कुसाबाईने पाठ फिरवली. मागे बघायचं नाही. ती चालायला लागली, पाटाच्या कडेने, मळ्याकडे. मागे इंजिनाचा आवाज पूल चढला, पूल उतरला, बारीक झाला. तिने रीत पाळली. मान वळवली नाही.

गाडीत दोन माणसं येवल्याकडे तोंड करून बसली होती. तिसरं पाठमोरं होतं. त्याचं तोंड मखमलाबादकडे होतं, रस्त्याकडे, पाटाकडे, चालत जाणाऱ्या एका बाईकडे. ते झोपलेलं होतं, आणि जागं असतं तरी एवढ्या लांबचं त्याला दिसलं नसतं. हे कुसाबाईला माहीत होतं. चालताना ती तरीही पदर सारखा करत होती.

शाळा आली. वावर आलं. भागीबाई जुड्या बांधत होती, तिने एक जुडी कुंपणावरून पुढे केली. कुसाबाईने ती घेतली.

घरी येऊन ती ओट्यावर पाय लांब करून बसली. रंगनाथ समोर येऊन उभा राहिला.

"मांडी दुखती का?"

"नाय," ती म्हणाली. "आज नाय."

तो गेला आणि शेवंतीची एक पाटी तोडून घेऊन आला. बाजार तर केव्हाच उठला होता. त्याने ती तिच्यापुढे ठेवली, बसल्या हाताला काहीतरी काम असावं म्हणून ठेवतात तशी. कुसाबाईने फुलं मांडीवर ओतून घेतली आणि हाराची सुई हातात न घेता तशीच बसून राहिली.

पुलावर उतरताना कुसाबाई स्वतःचा पट्टा सोडायला विसरली होती, आणि त्याने तिला एकदा मागे ओढलं होतं.